उषाबाईचं ताट

केदारखेड्यात उषाबाईच्या काटकसरीचं कौतुक कमी आणि थट्टाच जास्त. तेलाचं पाकीट संपलं की ती ते कात्रीनं उभं चिरायची, आतून कोरड्या पिठाचा हात फिरवायची आणि ते पीठ कणकेत मिसळायची. कोथिंबिरीच्या काड्या ठेच्यात जायच्या, दोडक्याच्या शिरा चटणीत, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या पुढ्यात. वरणाचं पातेलं रिकामं झालं की त्यात पेलाभर पाणी घालून, खळबळून, ते ती उभ्या उभ्या पिऊन टाकायची. शेजारणी म्हणायच्या, "उषाबाईच्या उकिरड्यावर कोंबडी सोडली तर बिचारी उपाशी घरी येती." उषाबाईला त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी पाहुणी आली तर चिरलेलं पाकीट ती मुद्दाम हातात धरून दाखवायची.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र अशी होती की तिची थट्टाही कोणी केली नाही, कारण ती कोणाच्या नजरेलाच आली नव्हती. उषाबाई स्वतःचं ताट वाढून घेत नसे. नवऱ्याचं, पुंजारामचं, जेवण झालं, लेकरांचं झालं, की ती हरिओमचं ताट पुढ्यात ओढायची. त्यात भाकरीचे काठ हमखास असायचे, वरणात भिजलेला भात असायचा, बाजूला सारलेल्या वांग्याच्या फोडी असायच्या. मग थोरल्या शालूच्या ताटातलं त्यात यायचं. कमी पडलं तरच टोपल्यातली भाकरी. हे तिनं अन्न वाया जाऊ नये म्हणून सुरू केलं की मायेपोटी, ते तिलाही सांगता आलं नसतं. आठ वर्षांच्या पोरानं दातानं कुरतडून टाकलेला काठ खाताना तिला जेवण गोड लागायचं, एवढं मात्र खरं.

लेकरांना ती रोज बजावायची, "ताटात टाकू नका रे, अन्न हाय ते." बजावता बजावता तिचा हात ताटाकडे गेलेला असायचा. लेकरं काही बहिरी नव्हती, पण आंधळीही नव्हती. तोंड काय म्हणतं ते त्यांनी ऐकलं, हात काय करतो ते पाहिलं आणि हातावर विश्वास ठेवला. हरिओम तर नंतर नंतर जास्तीचं मागून घ्यायचा आणि दोन घास खाऊन उठायचा.

जूनमध्ये दोघांना शाळेसाठी जालन्याला ठेवायचं ठरलं. उषाबाईचा धाकटा दीर अंगद तिथं एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात होता आणि स्टेशनच्या अंगाला, नवीन जालन्यात, दोन खोल्यांत राहायचा. त्याची बायको मीना मंठ्याची. लग्नाला तीन वर्षं झालेली. बोलायला हळू, चालायला हळू. घरी शिलाईमशीनवर ब्लाऊज शिवायची. उषाबाईच्या मते तिच्या भाकरीला पापुद्रा येत नव्हता आणि अशा बाईच्या हातात लेकरं द्यायची म्हणजे त्यांच्या पोटाची आबाळच. म्हणून पोचवायला गेली तेव्हा तिनं दारातच सूचना सुरू केल्या.

"हरिओमला काठ काढून देत जाय. शेपू तर त्याला बिलकुल चालत न्हाई. आन् ताटात टाकलं तर रागं भरू नको, लहान हाय त्यो."

"बरं आक्का," मीना म्हणाली.

त्या 'बरं आक्का'त काय काय होतं, ते उषाबाईला कळायला दिवाळी उजाडली.

फोनवर मात्र कुणकुण लागली होती. शालूचं प्रत्येक वाक्य 'काकू म्हणती'नं सुरू व्हायचं. काकू म्हणती, नळ बारीक सोडायचा. काकू म्हणती, डब्यात उरलं तर लपवायचं न्हाई, घरी आणून दाखवायचं. उषाबाई 'हं, हं' करायची आणि फोन ठेवल्यावर भांडी जरा जोरात आपटायची. बारा वर्षं जिला न्हाऊमाखू घातलं त्या पोरीच्या तोंडी पाच महिन्यांत एकदाही 'मम्मी म्हणती' आलं नव्हतं. तिनं तेवढ्यासाठी कान लावून ठेवलेले असायचे.

धनत्रयोदशीला पुंजाराम लेकरांना घेऊन आला. उषाबाईनं सकाळपासून चुलीपुढचं आसन सोडलं नव्हतं. गरम भाकरी, वांग्याचं भरीत, हरिओमसाठी साखर घातलेला दह्याचा वाडगा. ताटं वाढायला घेतली तर हरिओम म्हणाला, "मम्मी, तू नको. मी घेतो वाढून."

त्यानं अर्धी भाकरी घेतली, दोन चमचे भरीत घेतलं. खाल्लं. परत अर्धी घेतली, तीही काठासकट खाल्ली. शेवटच्या तुकड्यानं ताट पुसलं, उठला, मोरीवर गेला आणि स्वतःचं ताट स्वतः घासून पालथं घातलं. त्याच्यामागं शालू. पुंजाराम तर तोंडात बोट घालायचाच राहिला.

उषाबाई चुलीपुढं बसून राहिली. पुढ्यात ओढायला ताटच नव्हतं. शेवटी तिनं मांडणीवरचं एक कोरडं ताट काढलं, त्यात भाकरी घेतली, भरीत घेतलं आणि बसली. स्वच्छ ताट, गरम अन्न, मनासारखं भरीत; आणि घास काही गिळवेना. आपल्या घरात आपणच पाहुणे आल्यासारखं तिला वाटलं. डोळ्यात पाणी आलं तेव्हा तिनं धुरावर ढकललं.

कोणतीही आई अशा वेळी आनंदली असती, असं म्हणणाऱ्यांनी उषाबाईच्या जागी बसून बघावं. जे ती आठ वर्षं सांगत होती ते मीनानं पाच महिन्यांत करून दाखवलं होतं. आणि तेही न ओरडता. मारलं असतं, उपाशी ठेवलं असतं तर निदान भांडायला तोंड होतं. ती लेकरांना आडून आडून विचारत राहिली, काकू रागं भरती का, काकू दरडावती का. लेकरं म्हणत, न्हाई, काकू लय चांगली. दर वेळी हे 'लय चांगली' तिच्या काळजात रुतायचं.

दुसऱ्या दिवशी धपाट्यांची गंमत झाली. रात्रीचं वरण आणि भाजी उरली होती. उषाबाईनं ते नेहमीप्रमाणे ज्वारीच्या पिठात मळलं आणि धपाटे थापले. हेच ते धपाटे, ज्यांना आजवर लेकरांनी 'शिळं' म्हणून नाक मुरडलं होतं. हरिओमनं वास घेतला आणि ओरडला, "शालूताई, पार्टी! मम्मीला बी येती काकूची पार्टी करता!"

जालन्यात दर शनिवारी मीना म्हणे फ्रिजमधलं सगळं उरलंसुरलं बाहेर काढायची, लेकरांना पिठात मिसळायला लावायची आणि त्याला पार्टी म्हणायची. ज्यात जास्त प्रकार मिसळले तो धपाटा ज्याच्या वाट्याला येईल तो जिंकला. उषाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हे धपाटे तिच्या सासूनं तिला शिकवलेले, आणि मीनाला तिनं शिकवलेले, याच चुलीपुढं, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात. आता ते काकूचे झाले आणि मम्मीला 'बी' येऊ लागले.

"तुझ्या काकूला कोणी शिकवले ते ईचार जाऊन," ती म्हणाली. पण हरिओमच्या तोंडात धपाटा होता आणि त्याचं लक्ष नव्हतं.

त्यात पुंजाराम बोलून चुकला. "मीनानं लेकरं वळणावर आणली बघ."

"मंग मी काय बिघडवून ठेवल्ती का?" उषाबाईनं उलथनं त्याच्याकडं वळवलं. पुंजारामला एकदम शेतातली मोटार आठवली आणि तो चप्पल शोधायला लागला.

मग उषाबाईनं हट्टाला पेटून वाढायला सुरुवात केली. लेकरांनी नको म्हणायच्या आत भाकरी पडायची, वाटी भरायची, वरून तूप. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिनं हरिओमच्या ताटात पाच करंज्या ठेवल्या. आता तरी एखादी अर्धी राहील, या आशेनं ती समोर बसली. हरिओमनं ताटाला हातही लावला नाही. आधी तीन करंज्या उचलून डब्यात परत ठेवल्या. "आत्ताच काढून घे मम्मी. उष्टं झाल्यावर काढता येत न्हाई."

भाऊबीज झाली, सण सरला. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगद आणि मीना लेकरांना न्यायला येणार होते. मीनानं फोनवर सांगितलं, "आक्का, गोडधोड करू नका. भाजी-भाकरीच करा, त्याचीच भूक लागली आता." उषाबाईनं शेजारच्या मळ्यातून शेपूच्या दोन जुड्या आणल्या. पुंजारामनं विचारलंसुद्धा, पोराला शेपू आवडत न्हाई ना? ती म्हणाली, पाहुण्यांना आवडती.

खरं काय ते तिला स्वतःला ठाऊक होतं. तिला मीनाच्या डोळ्यांसमोर हरिओमच्या ताटात शेपू राहिलेला हवा होता. बस, एवढंच. एकदा मीनानं बघावं की शेवटी पोर आईजवळ आलं की आईचंच होतं, टाकतं, आणि त्याचं टाकलेलं आई खाते. मग खुशाल घेऊन जावं जालन्याला.

पण भाजी शिजता शिजता तिच्या मनात आलं, पोर ती खाईल. या पाच दिवसांत त्यानं काय खाल्लं नव्हतं? पडवीत ताटं मांडली जात होती, अंगद हातपाय धूत होता, मीना लेकरांच्या बॅगा भरत होती. उषाबाईनं सगळ्यांच्या वाट्या भरल्या. हरिओमची छोटी स्टीलची वाटी शेवटी भरली. मिठाच्या बरणीत तिचा हात गेला. अन्न नासवायला हा हात आयुष्यात कधी उठला नव्हता. सांडलेला भाताचा दाणाही तो उचलून तोंडात टाकत आला होता. त्या हातानं वाटीत एक चिमूट टाकली. मग अजून एक. मग चमच्यानं हलवून वाटी सारखी केली. तिचे कान तापले होते, पण हात थांबला नाही.

"मीना, तू बी बस त्यांच्यासंगं," ती बाहेर येऊन म्हणाली आणि मीनाला बरोबर हरिओमच्या समोर बसवलं.

"तुम्ही बी बसा ना आक्का."

"माझं मागून."

मीनानं तिच्याकडं एक क्षण पाहिलं आणि मान खाली घातली. जेवणं सुरू झाली.

हरिओमनं पहिला घास घेतला आणि थांबला. डोळे मिटले, उघडले. तो पाणी प्यायला. उषाबाईला आतून एकदम हलकं वाटलं. आता सारतो वाटी बाजूला, आता सारतो. हरिओमनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, त्यावर भाजीचा इवलासा ठिपका घेतला आणि गिळला. परत पाणी. परत मोठा तुकडा, छोटा ठिपका. त्याच्या कपाळावर घाम आला होता. अंगद सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होता, पुंजाराम हुंकार भरत होता आणि हे पोर कोणाला काही न सांगता मीठ गिळत होतं.

अर्धी वाटी संपली तेव्हा उषाबाईला बघवेना. जिंकायचं वगैरे सगळं मागं पडलं. ती पुढं सरकली. "हऱ्या, राहू दी. नसंल जात तर ठेव. मी खाते."

हरिओमनं ताट ओढून मांडीवर घेतलं आणि वाटीवर पंजा ठेवला. "न्हाई. तुला न्हाई द्यायचं."

"काऊन?"

तो वाटीवरचा पंजा काढेना. शालूच बोलली, अगदी सहज, भाकरी मोडता मोडता. "मम्मी, आमचं ठरलंय तसं. आम्ही जालन्याला गेलो ना, तवा पहिल्याच दिवशी ह्यानं ताटात टाकलं. काकू रागं भरली न्हाई. नुसतं ईचारलं, घरी हे कोण खातं? आम्ही म्हणलं, मम्मी. काकू म्हणली, मंग मम्मीचं ताट कोणतं? पप्पाचं मोठं काठाचं, माझं फुलांचं, ह्याचं खणाचं. तुझं कोणतं ते आम्हाला सांगताच येईना. ह्यो तर रडायलाच लागला. तवापासून टाकत न्हाई आम्ही."

पुंजारामचा घास हातातच राहिला. सोळा वर्षांच्या संसारात त्यालाही त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नसतं. उषाबाईनं मीनाकडं पाहिलं. तिला वाटलं होतं, या बाईनं काही जादू केली असेल, तक्ते लावले असतील, खाऊची लालूच दाखवली असेल. तिनं फक्त एक प्रश्न विचारला होता. वर्षातून दोनदा सणाला येणाऱ्या, पापुद्रा न येणाऱ्या भाकरी करणाऱ्या या मंठ्याच्या पोरीनं बघितलं होतं की उषाबाईला ताट नाही. इतक्या वर्षांत ते दुसऱ्या कोणालाच दिसलं नव्हतं. आणि इतका हेवा वाटावा असं उषाबाईला आजवर काही भेटलं नव्हतं. हा प्रश्न लेकरांना आपणच विचारायला हवा होता, ते काम आपलं होतं, असं तिला वाटलं.

"पण तू एवढं पाणी काऊन पिऊन राह्यला रे?" अंगदनं हरिओमच्या वाटीत बोट बुडवून चाखलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अबाबा! नुसतं मीठ! माझ्या वाटीत तर बराबर हाय."

"माझ्या बी," पुंजाराम म्हणाला.

मीनानं स्वतःच्या वाटीकडं पाहिलं, हरिओमच्या वाटीकडं पाहिलं आणि मग उषाबाईकडं. फार वेळ नाही, पण उषाबाईच्या अंगावर काटा आला. कळलं हिला.

"माझ्याच हातून झालं ते," मीना हळू आवाजात म्हणाली. "मघाशी त्याच्या वाटीत वरून मीठ टाकलं मी. त्याला अळणी लागती म्हणून. जरा जास्त पडलं."

मीना तर मघाशी बॅगा भरत होती. ती चुलीकडं फिरकलीही नव्हती. उषाबाईनं गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं. सगळं झाकलं गेलं असतं. जालन्याची जीप आली असती, लेकरं गेली असती, आणि जन्मभर हे पोर सांगत राहिलं असतं की एकदा काकूनं भाजी खारट केली तरी मी संपवली. पण उषाबाईच्या डोक्यात तिडीक उठली. लेकरांचं वळण हिचं, धपाटे हिचे, आता माझी चूकसुद्धा हिचीच?

"तिनं न्हाई टाकलं," ती म्हणाली. "मी टाकलं."

पुंजाराम बघत राहिला. ज्या बाईनं आयुष्यभर सांडलेलं मीठसुद्धा पुसून बरणीत भरलं, तिनं हे केलं यावर त्याचा विश्वास बसेना. शालू भाकरी मोडायची थांबली.

"काऊन टाकलं?" हरिओमनं विचारलं.

उषाबाईला मीनासमोर, दिरासमोर ते सांगायचं नव्हतं. पण आठ वर्षांचं पोर डोळ्यांत पाणी, ओठांवर मिठाचे कण घेऊन तिच्याकडं बघत होतं आणि त्याला दुसरं उत्तर देता येत नव्हतं.

"तू उरवावं म्हणून," ती म्हणाली. "तुझ्या ताटातलं काही मिळालंच न्हाई मला, आल्यापासून."

हरिओमनं वाटीवरचा हात काढला. ओठांवरचं मीठ बाहीला पुसलं आणि तो जरा वैतागूनच म्हणाला, "मंग तसं सांगायचं ना मम्मी. चांगल्या भाजीतला एक घास ठेवला असता मी तुझ्यासाठी."